शोदोशिमाला जाताय? मग निदान या चुका तरी टाळा

“एका दिवसात होईल ना गं शोदोशिमा?”

कोबेला राहायला आल्यापासून हा प्रश्न मला दर मे महिन्यात आणि दर दिवाळीत एकदा तरी येतो. विचारणारा नातेवाईक असतो, नाहीतर नातेवाइकाचा शेजारी. तोक्यो दोन दिवस, क्योतो दोन दिवस, हिरोशिमा अर्धा दिवस आणि शेवटी ‘एखादं निवांत बेट’. निवांतपणासाठी राखून ठेवलेले तास सात.

नाही होत. सेतोच्या अंतर्देशीय समुद्रात आवाजीच्या खालोखाल मोठं बेट हे. १५३ चौरस किलोमीटर, तेही डोंगराळ. आवाजीला पूल आहे, इथे पूलही नाही आणि आगगाडीही नाही. कमीत कमी दोन रात्री काढा. तेवढ्या नसतील तर समोरच्या किनाऱ्यावरच्या ताकामात्सुला थांबून उडोन (जाड शेवया) खा आणि सुखाने परत जा, हे मी आता तोंडावर सांगते. त्याच दिवसात नाओशिमा आणि तेशिमा ही शेजारची बेटंही कोंबणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. नाओशिमाची मोठी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात आणि तेशिमाचं मंगळवारी, एवढंच कळवते.

‘पोर्टला जायचंय’ एवढंच माहीत असणं

ही माझी लाडकी चूक. लाडकी, कारण ती माझ्याच घरात झाली.

शोदोशिमाला एक बंदर नाही. तोनोशोहून ताकामात्सु आणि ओकायामाच्या बोटी सुटतात, इकेदाहून ताकामात्सुची, साकातेहून कोबेची, फुकुदाहून हिमेजीची. कुसाकाबे-ताकामात्सु बोट २०२१ पासून बंद आहे, पण लोकांनी जमवलेल्या जुन्या माहितीत ती अजून वेळेवर सुटते.

माझा मामेभाऊ आणि वहिनी ताकामात्सुच्या हॉटेलात सामान ठेवून सकाळच्या बोटीने तोनोशोला उतरले. मी ‘राहा’ म्हणत होते, त्यांना ‘उरकायचं’ होतं. दुपारी सोया सॉसच्या कारखान्यांच्या गल्लीत वेळ गेला. संध्याकाळी थांब्यावर आले तर समोर बस उभी. भावाने चालकाला विचारलं, “पोर्ट?” चालक म्हणाला, “हाय,” म्हणजे हो. खोटं नव्हतंच ते. बस बंदरालाच चालली होती, फक्त तोनोशोच्या उलट्या दिशेला, बेटाच्या ईशान्य टोकावरच्या फुकुदाला. तिथे तिकिटाची एकच खिडकी आणि बोट एकाच गावाची, त्यामुळे कुठलं तिकीट हवंय हे विचारायचं तिथल्या बाईंना कारणच नव्हतं. भावाने दोन बोटं दाखवली, दोन तिकिटं आली.

बोटीतून त्याने मला फोटो पाठवला. “सूर्यास्त बघ! ताकामात्सु आलंच.” मी फोटो पाहिला आणि हातातली पोळी तव्यावर करपली. ताकामात्सु बेटाच्या नैऋत्येला आहे. तिकडे जाणाऱ्या बोटीत संध्याकाळचा सूर्य पुढच्या अंगाला दिसायला हवा. फोटोत तो बोटीच्या मागे, फेसाळ पाण्यावर होता.

फुकुदा ते हिमेजी १०० मिनिटं. तिथून बसने स्टेशन, शिंकानसेनने ओकायामा आणि मग सेतोचा मोठा पूल ओलांडणारी गाडी पकडून ताकामात्सु. खोलीत पोचायला रात्रीचे अकरा वाजले. हिमेजीचा किल्ला पाहिला का, तर पाहिला. स्टेशनसमोरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला, दिव्यांच्या उजेडात, धावता धावता.

मी काय करते ते सांगते. बेटावर उतरल्या उतरल्या त्याच बंदरातल्या फलकाचा फोटो काढते आणि परतीच्या दोन बोटी (घ्यायची ती आणि शेवटची) बंदराच्या नावासकट कागदावर लिहून पाकिटात ठेवते. फोनवर नाही, कागदावर. कागदाची बॅटरी संपत नाही आणि चालकाच्या नाकासमोर धरता येतो. बसचंही तसंच. ऑलिव्ह बस काही मार्गांवर दिवसातून मोजक्याच वेळा धावते, म्हणून उतरल्यावर आधी परतीची वेळ बघायची, मग देखावा.

ओकायामाहून येणार असाल तर वाटेत कोराकुएन ही बाग बघून घ्या. सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानाचं मूळ तिथे आहे. पुणेकर तिथे पोचले की पहिल्यांदा ‘आपल्यासारखंच आहे की’ म्हणतात. उलटं आहे हो.

समुद्राला न विचारता एंजल रोडला जाणं

तोनोशोजवळ ओहोटीला वाळूची एक पट्टी उघडी पडते आणि समोरच्या बेटुकल्यांवर चालत जाता येतं. लांबी साधारण अर्धा किलोमीटर. दिवसातून दोनदा, ओहोटीच्या आधी-नंतरचे दोनेक तास. बाकीच्या वेळी तिथे फक्त पाणी असतं आणि ते पाणी बघत उभे असलेले पर्यटक.

कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे त्याच्या अंगात असतं. आमच्या ओळखीचे अलिबागचे एक काका इथे आले तेव्हा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला बसले होते. काका, तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा. इथल्या समुद्राला दोन्हीकडे अरुंद तोंडं आहेत, त्याचं वेळापत्रक त्याचं त्याच्याकडे. महिन्याचा तक्ता तोनोशोच्या पर्यटन केंद्रात मिळतो. आधी ओहोटी बघायची आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवायचा. लोक नेमकं उलटं करतात. हॉटेल, गाडी, कानकाकेईच्या घळीचा रोपवे, सगळं ठरवून झाल्यावर समुद्राला वेळ देतात.

अडीचला जेवायला निघणं

सकाळी सावकाश उठलो, चहा झाला, फिरलो, आता जेवू. घड्याळात अडीच. बेटावरची बरीचशी छोटी हॉटेलं अकराला उघडतात आणि दोनला पडदा आत घेतात. त्यात आठवड्याची ठरलेली सुट्टी, ‘तेइक्युबी’, प्रत्येकाची वेगळ्या वारी. संध्याकाळी तर गावं लवकर मिटतात. रात्रीचं जेवण राहण्याच्या ठिकाणीच मिळेल का, हे खोली घेताना विचारा. तिथे गेल्यावर विचारलंत तर उत्तर नम्र असेल आणि पोट रिकामं. मी साडेअकराला पानावर बसते. लवकर जेवलं की दुपार मोकळी मिळते, आणि ऑलिव्हच्या मळ्यातली दुपार मोकळीच हवी.

मासे खात असाल तर ‘हिशिओ-दोन’ घ्या. बेटाच्या सोया सॉसची किंवा ते मुरतानाच्या लगद्याची चव दिलेला भात, वर इथले मासे किंवा भाज्या, बाजूला ऑलिव्ह नाहीतर सोया सॉसमध्ये आटवलेलं त्सुकुदानी. प्रत्येक हॉटेलाचं वेगळं असतं. सोया सॉसचं आइस्क्रीमही मिळतं. नाक मुरडण्याआधी खाऊन बघा, खारट कॅरॅमलच्या जवळ जातं.

‘शेवयाच आहेत, खा निर्धास्त’

हे वाक्य माझं आहे. आत्याला म्हणाले होते.

आत्या सांगलीची. अंड्याचा केकही दुरून बघणारी. तिला मी मोठ्या हौसेने सोमेन खायला नेलं. चारशे वर्षांपासून इथे हातांनी ओढून करतात. पीठ, मीठ, पाणी आणि ओढताना हात फिरतो तो तिळाच्या तेलाचा. थंडीत काठ्यांवर वाळत घातलेल्या दोऱ्या बघून आत्या हरखलीच होती. “आमच्या अंगणात अशाच खाटेवर वाळायच्या.” बर्फाच्या पाण्यातल्या पांढऱ्याशुभ्र शेवया आल्या, सोबत वाटीत काळसर पाणी. बुडवायच्या आणि ओढायच्या. आत्याने दोन पानं संपवली, तिसरं मागवलं आणि मला म्हणाली, “या आमटीत काय घालतात विचार गं.”

मी विचारलं. दुकानातल्या आजीबाईंना कोण आनंद! आत गेल्या आणि काचेची बरणी घेऊन आल्या. बरणीत बोटभर लांबीच्या, चंदेरी, डोळे असलेल्या सुकट मासळ्या. इरिको. हे बेट ज्या कागावा प्रांतात येतं तिथे उडोनच्या रश्शापासून सगळ्याचा पाया हाच.

आत्या रडली नाही, चिडली नाही. तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, “तू इथे इतकी वर्षं राहतेस ना?” मला अजून ऐकू येतं ते.

तर शाकाहारी मंडळींनो, जपानात ‘मांस नको’ म्हटल्याने काही होत नाही. ताटात मांस नसतंच, ते पाण्यात असतं. त्या पाण्याचं नाव दाशी. बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं (सुकवलेल्या कात्सुओ माशाचं) किंवा इरिकोचं, कधी नुसत्या कोंबु या समुद्री पाल्याचं. उकडलेला भोपळा, पालक, टोफू, आमलेट, मिसोचं सार, सगळ्यात ते असू शकतं. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नका, कारण समोरच्याच्या मनात त्याचा अर्थ ‘भाज्या आवडणारा’ असाही असतो. हे वाक्य पाठ करा: “साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन.” माशाचं दाशीही चालत नाही. राहण्याच्या ठिकाणी हे आठवडाभर आधी लिहून कळवा. ऐन जेवणाच्या वेळी सांगणं म्हणजे त्या घरावर अन्याय आहे, त्यांची तयारी सकाळपासून झालेली असते.

दुसरा सापळा बाटलीत. शोदोशिमाचा पारंपरिक सोया सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांचाच. ‘सुगी’ या जपानी झाडाच्या लाकडी पिंपांत, ‘किओके’त, वर्ष-दोन वर्षं आणि कधी त्याहून जास्त मुरतो. तो बिनधास्त घ्या. पण शेजारच्याच फळीवर तशाच बाटलीत ‘दाशी-शोयु’ असतो, आणि त्यात बहुतेकदा मासळी असते. लोक भेट म्हणून नेमका तोच उचलतात, कारण चाखायला तो जास्त छान लागतो. का छान लागतो ते वर सांगितलंच आहे.

आता मी घरगुती स्वयंपाकघर असलेली खोली घेते. कोरड्या सोमेनचं पुडकं, किओकेतल्या सोया सॉसची लहान बाटली, बेटावरचंच तिळाचं तेल आणि लिंबू. दीड-दोन मिनिटं उकळायच्या, थंड पाण्यात चोळून धुवायच्या, वर सॉस, तेल, लिंबू. मी कोबेहून शेंगदाण्याची चटणीही नेते. जपानी मैत्रिणीला हा अपराध वाटतो. पुढच्या खेपेला आत्याने मात्र तीन पानं पूर्ण केली, बरणी मागितली नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ऑलिव्ह झाडावरून तोडून तोंडात टाकू नका. १९०८ साली सरकारने तीन प्रांतांत लागवड करून पाहिली, ती इथेच टिकली, म्हणून झाडं सगळीकडे आहेत. पण कच्चं फळ कारल्याला गोड म्हणायला लावतं. मिठातलं नवं ऑलिव्ह ऑक्टोबरात येतं, ते खा.

सोया सॉसच्या कारखान्यात जाणार त्या सकाळी नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाऊ नये. त्यातले जिवाणू चिवट असतात आणि कोजीच्या (सॉस आंबवणाऱ्या बुरशीच्या) कामात घुसले की नुकसान करतात. यजमान हसून विचारतात, पण थट्टेत विचारत नाहीत.

साधी सायकल भाड्याने घेऊन कानकाकेईला निघणारे दरवर्षी दिसतात. पलीकडचं होशिगाजो शिखर आठशे मीटरहून उंच आहे. विजेवरची सायकल घ्या, नाहीतर बस.

माकडांना खायला देऊ नका. महाबळेश्वरला शिकलो ते इथेही लागू आहे.

जेआर पास इथल्या बोटींना चालत नाही. मियाजिमाला चालला म्हणून इथे दाखवणाऱ्यांच्या मागे रांग खोळंबते. सुटी नाणी आणि रोख जवळ असू द्या.

गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून आणा. नुसता भारतीय परवाना चालत नाही. रस्ते डाव्या बाजूचे, त्यामुळे अवघड काही नाही. रात्री रानडुकरं आडवी येतात एवढं लक्षात ठेवा.

तोनोशो गावात जगातली सगळ्यात अरुंद सामुद्रधुनी आहे, दोफुची, ९.९३ मीटर. पुलावर उभं राहून ‘हे काय, नाला!’ म्हणून निघून जाऊ नका. नगरपालिकेच्या कचेरीत ती ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळतं. माझ्या मुलीकडे तीन आहेत.

आणि शेवटच्या दिवशी बेटावरून थेट विमानतळ गाठायचा बेत करू नका. वसंतात या समुद्रावर धुकं धरतं आणि सप्टेंबरच्या सुमारास वादळं येतात. बोट रद्द झाली की खिडकीवर कितीही हुज्जत घाला, समोर धुकंच दिसतं. आम्ही एकदा साकातेला असे अडकलो तेव्हा एका दुकानदार बाईंनी आतून स्टूल आणून दिली आणि म्हणाल्या, दुपारपर्यंत उठेल. चार वाजता उठलं.