भंगारातल्या पेट बाटलीपासून पफचं पॉलिऑल कसं बनवायचं

पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या भंगारात पोत्यानं निघतात आणि त्यातला बराच माल फायबरवाल्यांकडे जातो. पण त्याच बाटलीचं पॉलिऑल होतं, म्हणजे पफचा (पॉलियुरेथेन फोमचा) एक घटक, दुसरा एमडीआय, म्हणजे पॉलिऑलशी जुळून फोम करणारं आयसोसायनेट केमिकल. दुधाच्या बल्क कूलरच्या भिंतीत, कोल्ड स्टोरेजच्या पॅनलमध्ये जो कडक पिवळसर फोम असतो ना, तो. कोल्हापूर म्हटलं की सगळ्यांना चप्पल आठवते म्हणून आधीच सांगतो, सोल किंवा गादी यातून होणार नाही, तिथं साधारण 56 ओएच व्हॅल्यूचं (मालात ओएच गट किती आहेत त्याचं माप) लांब साखळीचं पॉलिऑल लागतं, आपलं 300 च्या वर जातं आणि कडक होतं.

खरं काम निवडण्यात आहे. झाकण आणि रिंग पाण्यावर तरंगते, पेट बुडतं, ते सोपं. घोळ पीव्हीसीचा. काही बाटल्यांवरचं आवळून बसलेलं लेबल पीव्हीसीचं असतं, त्याची घनता पेटएवढीच, त्यामुळं टाकीत ते वेगळं होतच नाही, हातानंच काढावं लागतं. शंका आली तर तांब्याची तार ज्योतीत लाल करा, तुकड्याला टेकवा, परत ज्योतीत धरा, हिरवी ज्योत आली की क्लोरीन आहे, पोतं बाजूला. हे रिअॅक्टरमध्ये गेलं तर अॅसिड सुटतं, माल काळा पडतो आणि स्टील पण खातं. नंतर फ्लेक्स, म्हणजे बाटलीचे बारीक तुकडे, गरम कॉस्टिकच्या पाण्यात धुवा आणि साध्या पाण्यानं भरपूर खळबळून घ्या, कॉस्टिक राहिलं तर पुढं फोम वेळेआधीच उसळतो. वाळवणं कडकडीत, पावसाळ्यात उन्हावर भरवसा नको, ड्रायरच.

आता रिअॅक्शन. बंद रिअॅक्टर, थर्मिक ऑइलचं जॅकेट, स्टरर, कंडेन्सर आणि नायट्रोजन. फ्लेक्स 100 किलो, डायइथिलीन ग्लायकॉल म्हणजे डीईजी 50 किलो, झिंक अॅसिटेट अर्धा किलो. 200 ते 220 डिग्रीला काही तास ढवळत ठेवा, फ्लेक्स दिसायचे बंद झाले की सॅम्पल काढा. साधं इथिलीन ग्लायकॉल 197 लाच उकळतं आणि माल थंड झाल्यावर दुधाळ होऊन गोठायला बघतो, म्हणून डीईजी बरं. पण डीईजीचा फ्लॅश पॉइंट 140 च्या आसपास आहे आणि आपण त्याच्या कितीतरी वर चालवतोय, त्यामुळं उघड्या पिंपात खाली लाकडं पेटवून करायचा विचार असेल तर भावा, सोडून दे.

हिशोब असा: 50 किलो डीईजीमध्ये सुमारे 0.47 किलोमोल, प्रत्येकाला दोन ओएच, म्हणजे 0.94 किलोमोल ओएच, एकूण माल 150 किलो, म्हणजे ओएच व्हॅल्यू 350 च्या जवळपास. व्हॅक्यूम लावून जादा ग्लायकॉल ओढलं की ती खाली येते. गरम असतानाच गाळा, मग लॅबमध्ये ओएच व्हॅल्यू, अॅसिड व्हॅल्यू (2 च्या आत) आणि पाणी (0.1 टक्क्याच्या आत) बघा, या तीन आकड्यांशिवाय ड्रम कुणाला देऊ नका.

मग कप टेस्ट, म्हणजे कपात थोडा माल मिसळून फोम कसा येतो ते बघायचं. 56100 ला ओएच व्हॅल्यूनं भागलं की इक्विव्हॅलंट वेट (एका ओएच गटामागचं वजन) येतं, 350 असेल तर 160. पॉलिमेरिक एमडीआयचं 133 धरा. म्हणजे 100 ग्रॅम पॉलिऑलला 83 ग्रॅम एमडीआय, वर पाणी टाकलं तर दर ग्रॅमला अजून 15. सिलिकॉन आणि अमाइन कॅटॅलिस्ट सप्लायर सांगेल तेवढं. हे पॉलिऑल एकटं लई घट्ट असतं, ओतायला जड जातं, सुरुवातीला बाजारच्या पॉलिइथर पॉलिऑलमध्ये 20-30 टक्केच मिसळा आणि फोम आकसतोय का ते दुसऱ्या दिवशी कप उभा कापून बघा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना एमडीआय नवीन नाही, वाळूचे कोअर बांधायच्या कोल्ड बॉक्स रेझिनच्या पार्ट टूमध्ये तेच असतं, तरी त्याची वाफ फुप्फुसाला लागली की दम्याचा त्रास कायमचा मागं लागू शकतो, मास्क आणि एक्झॉस्ट पाहिजेच. एमडीआयच्या ड्रममध्ये पाणी गेलं तर झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होऊन ड्रम फुटतो. आणि मशिनरीचं बुकिंग करायच्या आधी एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) कन्सेंट, नंतर नाही.