चौपाटीवर चालायला जायचंय? आधी तिथी बघा

सगळ्यांनी मिळून समुद्राकाठी चालायला जायचं ठरलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "रविवारी किती वाजता?" हा प्रश्न उलट्या बाजूने सुरू होतो, हे मला एका अष्टमीच्या संध्याकाळी कळलं. सासूबाई, सहा वर्षांचा लेक, बाबागाडीतली पुतणी आणि पिशव्या असं लटांबर घेऊन आम्ही साडेपाचला जुहूला पोचलो, तर पाणी वर आलेलं. उरलेली पट्टी सगळी भुसभुशीत कोरडी वाळू. बाबागाडीची चाकं रुतली, सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले आणि अर्ध्या तासात आमची पदयात्रा भेळेच्या गाडीपाशी संपली. दुसऱ्या दिवशी दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशींना सांगितलं, तर त्या टोपली खाली ठेवून हसल्या. "अगो बाय, आठमीला सांजचं कोन जातं? तिथीची पाऊणपट कर की!"

तर यादीतली पहिली गोष्ट ही. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला पहाटे व संध्याकाळी साडेपाचच्या आसपास समुद्र आत गेलेला. आपल्याला हवी असते ती नेमकी हीच वेळ! भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे संध्याकाळी जायचं तर चतुर्दशीपासून प्रतिपदेपर्यंतचे दिवस बघा. सकाळी जायचं तर पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंतचे. हा झाला ठोकताळा, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. म्हणून दिवस तिथीवरून ठरवा आणि मिनिटं भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून.

याच दिवसांत उधाण असतं, हेही डोक्यात ठेवा. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला पाणी तितकंच लांब हटतं. चालायला मैदान मोठं मिळतं, पण परतताना ते तितक्याच भराभर आकसतं. निघायची वेळ पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीची ठेवली, की जाणं-येणं दोन्ही ओल्या, घट्ट वाळूवरून होतं. त्या वाळूवर बाबागाडीही पळते आणि आजीची काठीही रुतत नाही.

आता जागा. जुहू लांबलचक आहे, सपाट आहे आणि कंटाळा आला तर कुठूनही रस्त्यावर येता येतं, म्हणून पहिल्या खेपेला तेच बरं. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी गिरगाव चौपाटी; चर्नी रोड स्टेशन जवळच, आणि थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे बघायला मिळतात. वर्सोव्याला गेलात तर मुलांना सांगायला गोष्ट आहे: 2015 पासून लोकांनी इथला कचऱ्याचा डोंगर उपसला आणि 2018 च्या मार्चमध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. गोराईला बोरिवलीहून तरीने जायचं तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. अक्सा दिसायला सपाट आणि देखणं, पण तिथे बुडण्याच्या घटना वर्षानुवर्षं घडत आल्या आहेत. तिथे फक्त चालायचं, पाण्यात उतरायचं नाही. या बाबतीत मी घरात अजिबात लोकशाही ठेवत नाही.

पायांचं काय? अनवाणी चालण्याचं सुख मला मान्य आहे, पण आपल्या किनाऱ्यांवर काचा असतात, जाळ्याचे तुकडे असतात, कधी गळाचा आकडाही. मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल सगळ्यात बऱ्या. स्पोर्ट्स शूजमध्ये वाळू भरते आणि मुलं दर दहा पावलांना बसकण मारतात. जिथे नाला समुद्राला मिळतो तिथे मात्र सँडल असल्या तरी पाण्यात पाय नको, वळसा घालून वरच्या अंगाने जायचं.

पिशवीत एक छोटी बाटली खोबरेल तेलाची. लोक विचारतात, हे कशाला? पावसाळ्याच्या आगेमागे किनाऱ्याला डांबराच्या गोळ्या लागतात. तळव्याला चिकटलं की साबणाने निघत नाही, खोबरेल चोळलं की निघतं. तिथेच शेजारी एक चिमटा ठेवा. पावसाळ्यात ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव वाहून येतात, निळ्या फुग्यासारखे दिसतात आणि मुलं हमखास उचलायला धावतात. 2018 च्या पावसाळ्यात मुंबईत कित्येकांना त्यांचे डंख बसले. वाळूवर मरून पडलेला असला तरी तो डसतो. डंख बसलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्याने काढायचे, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट डॉक्टर. खरं सांगायचं तर पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन मी जातच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आमचा हंगाम.

वाऱ्याचाही विचार करा. कोरड्या दिवसांत दुपारनंतरचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून जुहूला संध्याकाळी आधी उत्तरेकडे, वर्सोव्याच्या अंगाने चालायचं आणि थकल्यावर वारा पाठीवर घेऊन परतायचं. उलटं केलंत तर दमलेल्या मुलाच्या डोळ्यांत वाळू आणि तुमच्या कानाशी रडं. अंतर सगळ्यात लहान पायांवरून ठरवा. लेक "अजून जाऊया" म्हणत असतानाच वळायचं, "दमलो" म्हणाला की उशीर झालेला असतो.

खाण्यात तिखटमिठाच्या पुऱ्या नाहीतर दशम्या, म्हणजे ज्यात वाळू मिसळत नाही असं काहीही. पाणी माणशी एक बाटली. सुटे पैसे ठेवा, स्वच्छतागृहापाशी दर वेळी फोन काढत बसता येत नाही. शक्यतो घरून निघताना नाहीतर स्टेशनवरच उरकून घ्या.

मुलाच्या मनगटावर बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा. रविवारी संध्याकाळी जुहूला गर्दीत हात सुटायला क्षण पुरतो. फोनमध्ये 112 आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा 1916 आधीच साठवून ठेवा. टोप्या सकाळच्या फेरीलाही घ्या, कारण आठनंतर ऊन वाळूवरून उलटं तोंडावर येतं.

एक भिंग मात्र जरूर न्या. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, भोकाभोवती किरणांसारखी पसरलेली. ते लहानशा खेकड्यांचं काम: वाळूतलं खाद्य चोखून उरलेली वाळू ते गोळी करून टाकतात. दोन मिनिटं न हलता उभं राहिलं की ते बाहेर येतात. आमचा लेक घरी दोन मिनिटं स्थिर बसत नाही, तिथे दहा मिनिटं उकिडवा बसला होता. शिंपले गोळा करायचे तर रिकामेच. आत कुणी असेल तर परत ठेवायचा, आणि हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

निघताना पाय धुवायला पाणी शोधत फिरू नका. टाल्कम पावडर पायांवर भुरभुरा आणि कोरड्या पंचाने झटका, वाळू गळून पडते आणि रिक्षावाला कुरकुरत नाही. बाबागाडीच्या चाकांवर मात्र त्याच रात्री एक तांब्या गोडं पाणी ओता. आमच्या पहिल्या गाडीचं पुढचं चाक खारामुळे महिन्याभरात गंजून जाम झालं होतं.