मुंबईच्या दमट हवेत केस कसे धुवावेत, कसे वाळवावेत

डोक्याची त्वचा जिवंत आणि तिच्यातून बाहेर आलेला केस निर्जीव, एवढं ध्यानात घेतलं तरी केसांच्या बऱ्याच तक्रारी कमी होतात. केस घडतो तो फक्त त्वचेखाली, मुळाशी. महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटीमीटर लांब केसाचं टोक किमान तीन वर्षं जुनं असतं आणि तेवढे पावसाळे, कंगवे आणि ड्रायर त्याने सोसलेले असतात. म्हणून शाम्पू मुळांना, तेल आणि कंडिशनर लांबीला. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं.

धुण्याआधी. केस कोरडे असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा. टोकापासून सुरुवात करून थोडं थोडं वर सरका. मुळापासून ओढत आणलंत तर सगळ्या गाठी खाली एकवटतात आणि केस तुटतो.

तेल. खांद्यापर्यंतच्या केसांना दीड-दोन चहाचे चमचे खोबरेल पुरे. अर्धा तास आधी किंवा आदल्या रात्री लावा. या तेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना प्रथिनांची झीज कमी होते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये सूर्यफूल आणि खनिज तेलाशी तुलना करून हे मांडलं. कंपनी खोबरेल विकणारीच आहे, हेही विसरू नका. आणि तेलाने केस वाढतात असं त्यातून निघत नाही. कोंडा असेल तर डोक्याच्या त्वचेला तेल चोपडू नका. कोंड्याला कारण ठरणारी मॅलासेझिया नावाची बुरशी त्वचेवरच्या स्निग्धावरच पोसते.

शाम्पू. केस आधी मिनिटभर नीट भिजवा. एक चमचा शाम्पू मगात थोड्या पाण्यात कालवून घ्या, म्हणजे एकाच जागी थापला जात नाही. बोटांच्या पेरांनी (नखांनी नव्हे) मुळाशी मिनिटभर चोळा. कानामागे आणि मानेवर घाम सगळ्यात जास्त साचतो, आणि घाईत हात फिरवायचा राहतो तोही तिथेच. खालच्या लांबीला ओघळणारा फेस पुरतो. तेल लावलं असेल तर पहिल्यांदा फेस होणारच नाही. शाम्पू वाढवण्यापेक्षा धुऊन अर्धा चमचा पुन्हा घ्या. कोंड्यासाठी २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आणला असेल तर तो ३ ते ५ मिनिटं डोक्यावर राहायला हवा. लावला की लगेच धुवायचा आणि मग गुण नाही म्हणायचं, असं पुष्कळ होतं.

उन्हाळ्यात गर्दीच्या लोकलमधून रोज घामाघूम होऊन येत असाल तर सौम्य शाम्पूने एक दिवसाआड, अगदी रोज धुतलंत तरी बिघडत नाही. इमारतीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर फेस कमी होतो आणि केस राठ लागतात. अशा वेळी शेवटचे दोन मग तरी पालिकेच्या पाण्याचे घ्या.

कंडिशनर. पाणी निथळू द्या, कानाच्या खालच्या केसांना लावा, दोन मिनिटांनी धुवा. मुळाशी लावलंत तर संध्याकाळपर्यंत केस चप्प.

वाळवणं. मुंबईत खरी गोची इथे. ओला केस ताणला की बराच लांबतो आणि सहज तुटतो, त्यामुळे पंच्याने फटके मारून झटकण्याची सवय सोडा. जुना सुती टी-शर्ट गुंडाळून दाबून पाणी टिपा. ओल्या केसांचा अंबाडा घालून सकाळची गाडी पकडली, की जुलैच्या हवेत तो दुपारपर्यंत आत ओलाच राहतो. कुबट वास येतो, खाज सुटते. पावसाळ्यात रात्री जेवणाआधी धुवा आणि पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच झोपा. ड्रायर वापरायचा तर हातभर नाही तरी वीतभर अंतरावरून, कमी आचेवर.

गळती. डोक्यावर साधारण एक लाख केस. प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक. चार दिवसांनी धुतलेत तर त्या दिवसांत सुटलेले केस एकदम मोरीच्या जाळीवर दिसतात, आणि दोष शाम्पूला जातो.

गळलेला केस उजेडात धरा. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो पूर्ण आयुष्य काढून गळला आहे. मूळ त्वचेतच आहे, नवा केस येईल. ठिपका नाही आणि तुकडा आखूड असेल तर केस तुटलाय: कंगवा, ड्रायर आणि करकचून बांधलेले रबर तपासा.

ऑगस्टमध्ये डेंग्यू किंवा टायफॉइड झाला असेल, तर भसाभस गळती दिवाळीच्या सुमारास सुरू होते. बाळंतपणानंतरही दोन-तीन महिन्यांनी तसंच. ही गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. जावळ काढल्यासारखं टक्कल करून केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असल्यामुळे जाड वाटतं, इतकंच.

चाई पडली, भांग रुंद होत चालला किंवा डोक्यात पू धरला तर तेलं बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि थायरॉइड तपासायला सांगतील.