गावाचा मूळपुरुष थेट ट्रॉयचा निघाला, तर पडताळणी कशी करावी?

युरोपातल्या जुन्या शहरांच्या इतिहासात ‘ट्रॉय (ग्रीक पुराणकथांतले, ग्रीकांनी युद्धात जिंकलेले शहर) पडल्यावर अमका वीर इथे आला’ असे वाक्य हमखास भेटते. आपल्याकडे गावोगावी पांडव मुक्कामाला येऊन गेलेले असतात, त्यातलाच प्रकार. अशी कथा हाती आली, की पुढच्या क्रमाने जा.

१. मूळपुरुष कोणत्या ग्रंथातून आला ते शोधा. इटलीतल्या पादुआचा मूळपुरुष मानलेला ट्रॉयचा अँटेनॉर हा रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात आहे. लिव्ही हा रोमन इतिहासकार तर मूळचा पादुआचाच; त्याचा ग्रंथही अँटेनॉर आणि एनिअस (रोमनांचा मूळपुरुष मानलेला ट्रॉयचा वीर) यांच्यापासूनच सुरू होतो. मग तेराव्या शतकात शहरात जुनी शवपेटी सापडली, तेव्हा लोव्हातो लोव्हाती या न्यायाधीश-कवीने ती अँटेनॉरची ठरवली यात नवल नाही. मला यात लबाडीपेक्षा हौसच जास्त दिसते.

२. जुना कागद पुढे आला, तर तो कोणती रिकामी जागा भरतो ते पाहा. खरी मेख इथे असते. इटलीतल्या व्हितेर्बो शहराच्या आन्निओ या डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूने १४९८ मध्ये रोममध्ये प्राचीन लेखकांचे ‘हरवलेले’ ग्रंथ छापले. त्यांतला बेरोसस हा बाबिलोनचा पुरोहित खराच होऊन गेला. पण त्याचा ग्रंथ नष्ट झाला आणि जोसेफस या ज्यू इतिहासकारासारख्यांनी घेतलेले उतारे तेवढे उरले. म्हणजे नाव सगळ्यांना ठाऊक, पुस्तक कुणाकडेच नाही. आन्निओने ओळखीच्या मजकुराशी जुळेल असे लिहीत मधल्या जागेत बायबलमधल्या, महापुरातून वाचलेल्या नोआला इटलीत आणले, रोमनांचा जानुस देव तो हाच म्हणून सांगितले आणि व्हितेर्बोला रोमहून जुने करून टाकले.

३. कागद कुणाकडून आला ते विचारा. आन्निओच्या म्हणण्याप्रमाणे, जेनोआत एका आर्मेनियन साधूकडून. मूळ प्रत मात्र कुणाला दिसली नाही.

४. कुणाचे भले झाले? ग्रंथ स्पेनच्या राजाराणीला अर्पण केलेला, आणि आत स्पेनच्या चोवीस प्राचीन राजांची यादी!

५. भाषा तपासा. लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचे, पोपला सत्ता देणारे तथाकथित दानपत्र असेच पकडले: रोमच्या अधिकाऱ्यांना त्यात ‘सत्रप’ म्हटले होते, आणि हा शब्द तर इराणी सुभेदारांचा.

६. खोटे ठरले तरी फेकू नका, तारीख बदला. व्हितेर्बोतला, लोम्बार्ड राजा डेसिडेरिउसच्या नावाचा संगमरवरी हुकूमनामा आठव्या शतकाच्या नोंदीतून काढा आणि पंधराव्या शतकात, तो बनवणाऱ्या आन्निओच्या नावावर टाका.