रिस्ट स्ट्रॅप घ्यायच्या आधी अर्थिंग बघा

परभणीत माझं कार्ड दुरुस्तीचं दुकान आहे. इन्व्हर्टर, मोटारीचे मोबाईल स्टार्टर, एलईडी टीव्हीचे बोर्ड. घासण्यानं अंगावर साठणारी वीज, म्हणजे स्टॅटिक, बोर्डावरचे पार्ट मारते; ती अर्थला उतरवायला मनगटावर वायरीचा पट्टा बांधतात, तो रिस्ट स्ट्रॅप. कामाला येणारी पोरं आधी विचारतात, स्ट्रॅप कोणता घेऊ? मी म्हणतो, बाबा, तो जोडणार कुठं ते सांग.

कारण आपल्याकडच्या जुन्या गाळ्यांत सॉकेट तीन पिनचं दिसतं, पण वरच्या, म्हणजे अर्थच्या, भोकाला मागून कित्येकदा वायरच नसते. असली तरी अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. मीटरवर फेज-अर्थ आकडा दिसला म्हणून खूश होऊ नका, लटकती वायरही मीटरला फसवते. वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून घ्या. मिणमिणला तर अर्थ कच्चा; खड्ड्यात पाणी ओता, नाहीतर तो नवा करून घ्या. ईएलसीबी (करंट अर्थला गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, घाबरू नका. स्ट्रॅप न्यूट्रलला जोडायचा उद्योग मात्र कुणीच करू नये. अर्थ होईपर्यंत स्ट्रॅप, टेबलावरची अँटिस्टॅटिक मॅट आणि सप्लाय काढलेल्या बोर्डाची ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा. सगळं एका पातळीवर आलं की ठिणगी उडायचं कारण उरत नाही.

स्ट्रॅपच्या वायरीत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागलाच, तर त्या वाटेनं पाव मिलिअँपपेक्षा जास्त करंट जात नाही. म्हणून मनगटाला साधी वायर गुंडाळायची नाही, आणि चालू बोर्डावर मापं घेताना स्ट्रॅप काढून ठेवायचा. सकाळी दुकान उघडलं की मीटरनं एकदा तपासा. वायर बहुतेक बटणापाशीच तुटते. थंडीत कातडी कोरडी पडते, तेव्हा पट्टा जरा घट्ट बांधा. बाहीवरून तर नकोच. वायरलेस स्ट्रॅप विकतात, ते पैसे पाण्यात.

आपल्याला स्टॅटिकचा चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढं. मॉसफेट म्हणजे बोर्डावरचा स्विचसारखा ट्रान्झिस्टर; त्याच्या गेटची (चालू-बंद करणाऱ्या पायाची) मर्यादा बहुधा वीसेक व्होल्टची. म्हणजे काही न जाणवताही पार्ट जातो. आणि जातो तोही धड नाही. गिऱ्हाईक बोर्ड चालू बघून घेऊन जातं आणि महिन्यानं परत येतं, त्यामुळं दोष स्टॅटिकचा आहे हे कुणाला पटत नाही. पावसाळ्यात हवेच्या ओलाव्यानं चार्ज फारसा साठत नाही. डिसेंबर-जानेवारी आणि कोरड्या उन्हाळ्यात जपायचं. पाण्याचा कूलर इथं कामाला येतो, फक्त झोत टेबलावर नको.

थर्माकोल, कॅरीबॅग, चिकटपट्टीचा रोल टेबलापासून हातभर लांब ठेवा. प्लास्टिकचा चार्ज अर्थिंगनं उतरत नाही. स्वेटर, पॉलिस्टरचा शर्ट यांचंही तेच, स्ट्रॅप फक्त अंगाचा चार्ज उतरवतो. दोन पिनची स्वस्त सोल्डरिंग गन मॉसफेटच्या कामाला वापरू नका. तीन पिनची घ्या आणि टोकापासून अर्थ पिनपर्यंत मीटर लावून बघा, थोडेच ओहम दिसायला हवेत.

बोर्ड ठेवायची गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी स्वतः चार्ज धरत नाही, एवढाच तिचा गुण. बाहेरचा झटका ती अडवत नाही. त्यासाठी चंदेरी पिशवी, तीही तोंड बंद केलेली. पिशवीवर बोर्ड ठेवून काही उपयोग नाही, तो आत हवा. नव्या मालाबरोबर आलेल्या चंदेरी पिशव्या जपून ठेवा, चुरगळलेल्या किंवा भोक पडलेल्या तेवढ्या टाकून द्या.