आधी काय घडू नये ते लिहा: फॉर्मल स्पेसिफिकेशनची सुरुवात

फॉर्मल स्पेसिफिकेशन म्हणजे सॉफ्टवेअरने काय करावे आणि काय करू नये याचे गणिती भाषेतले नेमके वर्णन. ते संपूर्ण सॉफ्टवेअरसाठी करायला बसू नये. एकाच गोष्टीवर अनेक प्रक्रिया एकाच वेळी हक्क सांगतात असा एखादाच भाग निवडावा, कारण टेस्टिंगमधून निसटणाऱ्या चुका बहुधा तिथेच दडलेल्या असतात. नागपूरकरांना उदाहरणासाठी लांब जायला नको: रेल्वेचे दोन मोठे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते डायमंड क्रॉसिंग आपल्याच शहरात आहे. (प्रत्यक्षातले इंटरलॉकिंग, म्हणजे गाड्यांची टक्कर होऊ न देणारी सिग्नलांची यंत्रणा, पुष्कळ गुंतागुंतीचे असते, आपण सरावापुरते दोन मार्ग आणि दोन सिग्नल धरू.)

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या स्पेसिफिकेशन लिहिण्याच्या भाषेत प्रथम स्थिती सांगणारी चले लिहावीत: कोणता सिग्नल लाल, कोणता हिरवा, कोणत्या मार्गावर गाडी थांबली आहे. त्यानंतर, कृतींना हात घालण्यापूर्वीच, दोन्ही सिग्नल एकाच वेळी कधीही हिरवे नसावेत ही अट लिहावी. हा क्रम उलटला की आपण नकळत आपल्या कोडला सोयीची अट लिहितो.

आता समजा, समोरचा सिग्नल लाल आहे का हे पाहणे आणि आपला हिरवा करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. टीएलसी हा टीएलए प्लसमधले वर्णन तपासणारा प्रोग्रॅम सगळे शक्य क्रम धुंडाळून अट मोडल्याचा चार पायऱ्यांचा पुरावा पुढे ठेवतो: पहिला सिग्नल पाहतो, दुसरा पाहतो, पहिला हिरवा होतो, दुसराही होतो. पाहणे आणि हिरवा करणे या दोन्ही पायऱ्या एकत्र केल्या की आपले मॉडेल, म्हणजे हे लिहिलेले वर्णन, सुधारते, पण खऱ्या कोडमध्ये मध्येच दुसऱ्याला शिरू न देणारे तसे कुलूप नसेल तर ती दुरुस्ती कागदावरचीच ठरते. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेमध्ये याच पद्धतीने सापडलेल्या एका चुकीची सर्वांत छोटी वाटही ३५ पायऱ्यांची होती; ती नुसत्या चर्चेतून कोणाला सुचली असती असे मला वाटत नाही.

एवढ्यावर थांबू नये, कारण दोन्ही सिग्नल कायम लाल ठेवणारी व्यवस्थाही वरच्या अटीत बसते. थांबलेली प्रत्येक गाडी कधी ना कधी पुढे जाईल, हेही लिहावे लागते. तपासणी निर्वेध पार पडली तर एखादा नियम मुद्दाम मोडून पाहावा. तरीही तक्रार आली नाही, तर बहुधा अटच पोकळ आहे.

यातून डिझाइन तपासले जाते, कोड नव्हे. १९९८ साली सुरू झालेल्या पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या मार्गाच्या सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअरसाठी बी नावाच्या गणिती पद्धतीने स्पेसिफिकेशनपासून कोडपर्यंतची प्रत्येक पायरी सिद्ध केली होती, पण तेवढा खर्च प्रत्येक प्रकल्पाला झेपत नाही. म्हणून मॉडेल कोडशेजारीच ठेवावे आणि डिझाइन बदलताना आधी तेच बदलावे.