ओव्हरक्लॉक करताय? मग आधी मे महिन्याची दुपार आठवा

ओव्हरक्लॉक म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जोरात पळवणं. आधी एक क्लिअर करतो. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, आमची आई पण "तो सीपीयू पुसून घे" असंच म्हणते. मी इथे आतल्या चिपबद्दल बोलतोय, डब्याला कॅबिनेट म्हणू.

मी कोपरखैरण्यात राहतो, सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. डिसेंबरात रात्री खोलीत २२ डिग्री आणि मे महिन्यात दुपारी तीनला ३५, वर चिकचिक वेगळीच. आता कूलर हवेचा असो नाहीतर पाण्याचा एआयओ, दोघंही उष्णता शेवटी खोलीतच टाकतात, त्यामुळे तेवढ्याच लोडला चिप खोलीपेक्षा किती डिग्री वर जाणार हे साधारण ठरलेलं असतं. माझी डिसेंबरात ७४ ला थांबत होती म्हणजे खोलीपेक्षा ५२ वर, तेच सेटिंग मे मध्ये ८७. म्हणून थंड देशातल्या माणसाचे व्हिडिओ बघून आकडे जसेच्या तसे टाकू नका. आणि हो, दमट हवेने आत पाणी सुटेल का असं बरेच जण विचारतात, नाही सुटत. फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं कारण ती खोलीपेक्षा गार असते, चालू चिप साध्या कूलरवर खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते बघा. एएमडी रायझन असेल तर बहुतेक चिप अनलॉक्ड असतात म्हणजे स्पीड वाढवू देतात, पण मदरबोर्ड बी४५०, बी५५०, एक्स५७० सारखं असलं पाहिजे, ए३२० किंवा ए५२० वर चिप ओव्हरक्लॉक होत नाही. इंटेल असेल तर चिपच्या नावाशेवटी के आणि बोर्ड झेड सिरीजचं, दोन्ही लागतं. नसेल तर पैसे वाचले, फक्त पुढचा साफसफाईचा भाग वाचा. वॉरंटीचं पण ऐकून ठेवा, एएमडी पीबीओ (चिपला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पॉवर घेऊन आपोआप वर चढू देणारं सेटिंग) चालू करणं सुद्धा ओव्हरक्लॉकिंगच धरते आणि त्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

आता पहिलं काम बायोस, म्हणजे बोर्डची सेटिंगची स्क्रीन, उघडायचं नाही, स्क्रू ड्रायव्हर उचलायचा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको, मेट्रोचं काम आणि टॉवरांची बांधकामं, माझ्या तिथल्या मित्राच्या कॅबिनेटची जाळी काढली तर धूळ अख्खी गोधडीसारखी एका तुकड्यात निघाली आणि नुसत्या तेवढ्याने त्याचं टेंपरेचर उतरलं. फिल्टर धुवा, कूलरच्या पात्यांमधली धूळ जुन्या पेंटब्रशने काढा, ब्लोअर मारत असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. मग कॅबिनेट त्या कम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, तो कप्पा म्हणजे तंदूर आहे. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारे. पंखा उलटा लागलाय का कळत नसेल तर उदबत्ती लावून जाळीपासून वीतभर लांब धरा, धूर आत खेचला जातोय की तुमच्या तोंडावर येतोय ते लगेच दिसतं. माझा मागचा पंखा दोन वर्षं उलटा होता, हे असं कळलं.

बॉक्ससोबत आलेला छोटा कूलर स्टॉकसाठी, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगसाठी, ठीक, यासाठी नाही. लॅमिंग्टन रोडवरून १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपचा सिंगल टॉवर आणा, एआयओचा हट्ट नको. जुना कूलर काढताना एएम४ सॉकेटवाल्यांनो (रायझनचं जुनं सॉकेट, यात पिना चिपलाच असतात) थांबा. मी थंड मशीनवर कूलर सरळ वर ओढला आणि सुकलेल्या पेस्टला चिकटून चिप सॉकेटमधून उपटून वर आली, तीन पिना वाकल्या, एक तास जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सरळ करत बसलो, हात थरथरत होते. तर आधी दहा मिनिटं लोड देऊन मशीन गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावीकडे उजवीकडे हळू पिळत काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीन वाटाण्याएवढी पुरे.

आता बायोस अपडेट, पण यूपीएसवर. पावसाळ्यात अपडेट अर्धवट असताना लाइट गेली तर बोर्ड गेलंच समजा. अपडेटनंतर काही न बदलता सिनेबेंच आर२३ (चिपवर फुल लोड टाकून स्कोअर देणारी टेस्ट) दहा मिनिटं चालवा, एचडब्ल्यूइन्फो या फ्री प्रोग्राममध्ये टेंपरेचर, वॅट आणि क्लॉक म्हणजे चिपचा स्पीड बघा आणि वहीत लिहा. खोलीचं टेंपरेचर पण लिहा, हे कोणी लिहीत नाही आणि नंतर गोंधळ होतो.

माझी चिप रायझन ५ ५६००एक्स, २०२० ची. हिच्यावर सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झला फिक्स करायचा जुना प्रकार करू नका, एकेका कोअरचा आपोआप मिळणारा बूस्ट त्यात मरतो. बायोसमध्ये पीबीओ अॅडव्हान्स्ड करा. स्टॉकला पीपीटी म्हणजे सॉकेटची पॉवर लिमिट ७६ वॅट असते, मी ती मोकळी सोडली होती, डिसेंबरातले ते ७४ त्याचेच. आता ९५ वर ठेवलीय, आणि थर्मल लिमिट ८५, म्हणजे चिपच्या ९५ च्या कमाल मर्यादेपर्यंत गाडी जातच नाही. मग खरा माल, कर्व्ह ऑप्टिमायझर. यात निगेटिव्ह आकडा दिला की त्याच क्लॉकला कमी व्होल्टेज, कमी व्होल्टेज म्हणजे कमी उष्णता, आणि वाचलेल्या जागेत चिप स्वतःच वर चढते. ऑल कोअर निगेटिव्ह १० पासून सुरू करा, पाच पाचने वाढवा.

इथेच मी फसलो. मी सरळ २५ टाकलं, सिनेबेंच रात्रभर पास, मी खूश. दोन दिवसांनी काहीच चालू नव्हतं, एक पीडीएफ वाचत होतो आणि मशीन खटकन रीस्टार्ट. कारण फुल लोडला क्लॉक खाली असतो, हलक्या कामाला एखादा कोअर एकदम वर उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), इव्हेंट १८ शोधा, त्यात एपीआयसी आयडी लिहिलेला असतो. माझ्या चिपवर त्याला दोनने भागलं की कोअर नंबर मिळतो, शून्यापासून मोजून, म्हणजे ४ किंवा ५ असेल तर कोअर २. फक्त त्या कोअरचा आकडा सैल करायचा. गंमत म्हणजे सगळ्यात चांगले कोअरच बहुतेक वेळा कमी निगेटिव्ह सोसतात. माझे दोन कोअर १० वर आहेत, बाकी २०. हे पकडायला कोअरसायकलर नावाचा प्रोग्राम रात्रभर लावा, तो एकेक कोअर वेगळा तपासतो. सिनेबेंच पास झालं म्हणजे स्टेबल हे डोक्यातून काढा.

हाताने व्होल्टेज देणाऱ्यांसाठी एक हिशेब. चिप खाते ती पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टचं १.३० केलं तर नुसत्या व्होल्टेजनेच साधारण १७ टक्के जास्त, आणि सोबत क्लॉक ४.४ चं ४.६ केलं तर एकूण २३ च्या आसपास, मिळालं काय तर साडेचार टक्के स्पीड. एवढ्यासाठी एसी लावणार का?

इंटेलवाल्यांनी रेशो (क्लॉक ठरवणारा गुणक) एकेकाने वाढवायचा, व्होल्टेज अॅडॅप्टिव्ह ठेवायचं, लोडलाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते सेटिंग) मधल्या लेव्हलला, एकदम वरच्या नाही. १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या के चिपना जास्त व्होल्टेजमुळे खराब होण्याचा जो प्रॉब्लेम होता त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून चिपला मिळणारी दुरुस्ती, २०२४ मध्ये आला, तो असलेला बायोस टाकल्याशिवाय या चिपना हात लावू नका.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका, प्लग काढा, बोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर, बायोस परत डिफॉल्टला येतो. म्हणून सेटिंगचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचे.

शेवटची टेस्ट मे मध्येच, दुपारी. तोपर्यंत थांबवत नसेल तर एसी बंद, खिडक्या बंद, गेम आणि ओसीसीटी (मशीनवर जड लोड टाकणारा टेस्ट प्रोग्राम) आळीपाळीने तासभर चालवा म्हणजे ग्राफिक्स कार्डची गरम हवा पण चिपला मिळते. माझी तेव्हा ८० च्या खाली राहिली, सिनेबेंचचा स्कोअर स्टॉकच्या ११ हजारांवरून साडेअकराच्या पुढे. आई मध्येच दार उघडून "इथे काय भट्टी लावलीयस" म्हणून पंखा फुल करून गेली, ती टेस्ट परत घ्यावी लागली.